महाराजांचा कडू घास

यंदा मी गावाच्या पंगतीत जेवलो. सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून, पत्रावळीवर, आणि भात दोनदा मागून घेतला. यात एवढं सांगण्यासारखं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण आमच्या गावात ही बातमी तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जायला वेळ लागला नाही. अर्जुनी मोरगावच्या बाजारात तर अनोळखी माणसांनी मला थांबवून विचारलं, "महाराज, खरं आहे का जी?" मी म्हटलं, खरं आहे, आणि भाजीत लसूण होता, तेही खरं आहे.

आमचं कूळ तळी बांधणाऱ्यांचं. गावामागच्या तळ्याची पाळ आमच्या पूर्वजांनी घातली असं सगळे सांगतात, मीही सांगतो. मी स्वतः मात्र आयुष्यात एक टोपलं माती टाकली नाही. मला बोलता येतं. तरुणपणी एका सत्पुरुषाच्या हातून माळ घेतली, भजनाला लागलो, आणि हळूहळू आजूबाजूच्या गावांत कुणाकडे मयत झाली की दहावीला, तेरवीला चार शब्द बोलायला लोक मला नेऊ लागले. शेत ठेक्याने दिलं आणि हेच काम झालं. कुणाचा बाप गेला, कुणाची लेक गेली, की मी जातो, ओसरीवर बसतो, माणसाच्या पाठीवर हात ठेवतो. या कामात मी चांगला आहे. खोटी नम्रता मला जमत नाही. रडणारा थांबत नसेल तर त्याला थांबवता येतं, आणि ज्याला रडू येत नाही त्याला रडवताही येतं.

आमच्या भागात मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी भात-डाळ रांधून आणतात आणि घरच्यांना बळेच चार घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तोंडाला चव नसते म्हणून कडू. पण तो पोटात गेल्याशिवाय माणूस पुन्हा जगण्याकडे वळत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की शपथेवर सांगेन. म्हणून माझा एक शिरस्ता होता. घरातलं जे माणूस अन्नाला शिवत नसेल त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं आणि म्हणायचं, "तुम्ही जेवल्याशिवाय मी उठत नाही." आणि मी खरंच उठत नसे. बस निघून गेली तरी.

मी मात्र त्या घरांत पाण्याशिवाय कधी काही घेतलं नाही. माळ घालताना गुरूंनी नेम दिला होता, परघरचं शिजलेलं अन्न घ्यायचं नाही. त्यामुळे लोक मला शिधा देत. तांदूळ, डाळ, गूळ, हंगामाची भाजी, सगळं कच्चं. ते घरी आणायचं आणि बायकोने रांधायचं. बाहेरगावी सप्ताह असला की ती सोबत येई, देवळामागे तीन दगडांची चूल मांडी आणि माझ्यापुरतं शिजवी. या नेमाने माझा मान वाढला, हे मला कळत होतं आणि आवडतही होतं. "महाराज कोनाकडचं खात नाही" हे लोक असं सांगत, जणू मी डोंगरच उचलला आहे. डोंगर उचलणारी मागे धुरात डोळे पुसत बसलेली असे.

तिचा स्वतःचाही एक नेम होता. मयतीच्या घरून मी परतलो की ती मला समोरून घरात घेत नसे. मागच्या दारी पायांवर पाणी, मग आंघोळ, मग चहा. मी मागच्या पायरीवर बसे. ती सूप घेऊन तांदळातले खडे वेचत बसे आणि माझ्याकडे न पाहता विचारी, "कोन गेलं?" एवढंच. मग मी सुरू होई. ती आई काय म्हणाली, मला बोलताना कुठे भरून आलं, भावाभावांनी मंडपातच कसं भांडण काढलं आणि मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी कशी वाटली. ती "हूं" म्हणे. मध्येच "मंग?" म्हणे. सल्ला तिने एकदाही दिला नाही. सगळं बोलून झालं की मी जेवे आणि गाढ झोपे. तळ्याला तुडूम असतं, शेतात पाणी सोडायची वाट. ते नसलं तर पाळ कितीही जाड घाला, एखाद्या पावसाळ्यात फुटणारच. माझं तुडूम मागच्या पायरीवर खडे वेचत बसे, आणि मी समजत होतो की पाळच माझी मजबूत आहे.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. धान कापणी सुरू होती. सकाळी तिने अंगण झाडलं, छातीत कसंतरी होतंय म्हणाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

कापणी टाकून गाव लोटलं. मी ओसरीवर बसलो होतो. पहिली एक म्हातारी आली, माझ्या पाया पडली आणि हंबरडा फोडला, "महाराज, माहा पोरगा गेला तवा तुमीच होते जी!" मी तिची समजूत काढली. ती उठली तर दुसरा बसला, त्याला त्याचा भाऊ आठवला. त्याची समजूत काढली. मग एक जोडपं आलं. दिवसभर हेच. माझ्याच घरी, माझ्याच बायकोच्या मयतीला, मी लोकांचे डोळे पुसत बसलो. त्यांचं चुकलं म्हणावं तर तेही नाही. माझ्यासमोर बसलं की रडायचं, ही सवय मीच त्यांना लावली होती. सगळे माझ्या पायांवर हात ठेवत होते. पाठीवर ठेवायला कुणी धजलं नाही.

तेरवीला तर कहर झाला. मंडप भरला, माईक लागला, आणि आता बोलणार कोण? सरपंचांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माईक माझ्या हातात दिला. आणि मी बोललो! चांगला बोललो. "या माउलीच्या जाण्यानं कुटुंबावर जो आघात झाला आहे" असं सवयीने तोंडातून निघून गेलं, आणि ते कुटुंब म्हणजे आपणच, हे वाक्य संपल्यावर माझ्या ध्यानात आलं. उठताना लोक म्हणाले, "बेस बोलले महाराज आज." एकाने तर तिथेच आपल्या काकाची तेरवी सांगून ठेवली.

आणि कडू घास? तो माझ्या घरी आलाच नाही. गाव काही दुष्ट नाही. उलट गावाला माझा नेम तोंडपाठ होता. महाराजांकडे रांधलेलं न्यायचं नसतं, आणि मयतीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. मग काय, सगळ्यांनी शिधा आणला. नव्या धानाचा तांदूळ, लाखोरीची डाळ, गूळ, तेल. आधी ओसरीच्या कोपऱ्यात गोण्यांची थप्पी लागली, मग माजघरात, मग जागा पुरेना म्हणून तिच्या बाजेवर. इतकं अन्न माझ्या घरात कधीच नव्हतं, आणि मला चहासुद्धा करता येत नाही. तेरवीपर्यंत सुनेने रांधलं. मुलगा-सून नोकरीसाठी गोंदियाजवळ कुडव्याला परतले आणि मी पोहे भिजवून गुळाशी खाऊ लागलो. एकदा भात टाकून पाहिला. खाली जळला आणि वर कच्चा राहिला.

बोलावणी येतच होती. एका गावी गेलो. बाई तरणी होती, नवरा गेला होता, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी समोर बसलो, तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. तब्येतीचं कारण सांगून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी न जेवलेल्या माणसासमोरून उठलो. घरी येऊन मागच्या दारी स्वतःच पायांवर पाणी घेतलं आणि पायरीवर बसलो. सूप भिंतीला टांगलेलं होतं. खूप वेळ बसलो, विचारणारं कुणी नव्हतं. मग मुलाला फोन लावला आणि म्हटलं, ये आणि मला घेऊन जा.

तो खूश झाला. कुडव्याला त्याने घर बांधलं आहे, माझी खोली तयारच होती. माझं ठरलं. बोलणं बंद, माळ देवापुढे, पंचक्रोशीचं रडणं पंचक्रोशीने पाहून घ्यावं. मला राग आला होता. कुणाचा, ते नीट सांगता येत नव्हतं, पण त्या गोण्यांना येता-जाता लाथ मारावीशी वाटे.

निघायच्या दिवशी सकाळी मुलगा गोण्या देवळात पोचवायला ट्रॅक्टर पाहायला गेला होता. मी पिशवी भरून मागच्या दाराला कडी घालायला गेलो, तर पायरीवर मागच्या घरची बाई बसलेली. आमच्या दोन घरांमध्ये फक्त काट्यांचं कुंपण आहे. बाई माझ्याहून थोडी लहान, धानाच्या रोवण्याला जाणाऱ्या बायांची म्होरकी, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातले बैलसुद्धा थांबतात. तिचा नवरा गेला तेव्हा ती अन्नाला शिवत नव्हती आणि मी तिच्या दारात ऊन कलेपर्यंत बसलो होतो. तिने समोर भाताचा गंज ठेवला, वरचं फडकं सोडलं. वाफाळता भात, लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी, आणि वर लसणाची फोडणी.

"हे काय?" मी म्हटलं.

"कडू घास."

"बाई, मला चालत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे जी."

"मग आणलं कशाला?"

"तुमी जेवल्याबिगर मी उठत नाही," ती म्हणाली आणि पदर सावरून नीट बसली.

माझंच वाक्य मलाच ऐकवते! मी आवाज शांत केला, महाराजांचा केला, आणि देह, आत्मा, येणंजाणं, असं सुरू केलं. तिने हात वर केला.

"थांबा महाराज. हे मी आयकलं आहे, माह्याच दारात. तवाबी मले काही समजलं नाही. तुमी उठून नाही राहिले म्हनून मी जेवली."

इतकी वर्षं मी समजत होतो की लोक माझ्या शब्दांनी उठतात. मी आत गेलो, पाणी प्यालो, बाहेर आलो, बाई तिथेच. कुंपणापलीकडे गल्लीतल्या बायका जमू लागल्या. मुलगा आला, म्हणाला, "काकू, बाबांचा नेम आहे." ती म्हणाली, "तू चूप राय."

मग माझा बांध फुटला. मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, त्यात माझ्या बापाच्या तोंडच्या अस्सल शिव्या होत्या. महाराजांची भाषा कुठल्या कुठे गेली. "काऊन आल्या आता? मले कोंबडी समजल्या का, कच्चे तांदूळ टाकून गेल्या? माह्या बायकोच्या तेरवीले मलेच माईक देता? पाया पडाले सारं गाव, आन महाराज जेवले का म्हनून एकानं तरी इचारलं का?" कुंपणापाशी बायकांनी पदर तोंडाला लावले. महाराज शिव्या देतात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मुलानेही नाही. मला स्वतःलाच धाप लागली.

बाई जागची हलली नाही. मी थांबल्यावर तिने माझ्याकडे न पाहता, गंजावरची माशी हाकलत विचारलं, "कोन गेलं, महाराज?"

माझी नजर भिंतीवरच्या सुपाकडे गेली.

"ती तुमाले असंच इचारे," ती म्हणाली. "इतक्या वर्सांपासून आमाले कुंपनातून आयकू ये. आता ती नाही, त मी इचारून राहिली. कोन गेलं?"

"माही बायको गेली," मी म्हटलं.

हे वाक्य मी तोवर कुणालाच म्हटलं नव्हतं. माईकवर माउली म्हटलं होतं, फोनवर "घरची" म्हटलं होतं. माही बायको गेली, असं म्हटलं आणि मी पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. बायका कुंपण ओलांडून आत आल्या. कुणी पाया पडलं नाही. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. कुणाचा, ते मी वळून पाहिलं नाही, पण तो हात बराच वेळ तिथे होता.

मग मी सांगत सुटलो. ती माझ्या प्रवचनात पहिल्या रांगेत बसून डोळे उघडे ठेवून झोपायची, हे सांगितलं. "तुमचा आवाज मंडपात बरा, घरात नोको" म्हणायची, ते सांगितलं. तिला एकदा गोंदियाहून रेल्वेने लांब कुठेतरी न्यायचं होतं, आणि मी दरवेळी कुणाची तरी तेरवी आहे म्हणून टाळलं, हेही सांगितलं. कुणी मला समजावलं नाही. कुणी "हूं" म्हणत होतं. कुणी म्हणालं, "मंग?" आणि मी आणखी सांगितलं.

बोलून झालं तेव्हा भात निवला होता. बाईने ताटलीत वाढला, वर डाळ ओतली, भाजी ठेवली. मी पहिला घास घेतला. अंबाडी आंबट, लसूण खमंग, आणि मीठ जरा जास्त. तसं मी बोलून दाखवलं.

"आता बरे झाले महाराज," बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो, तोंडात घास असताना.

गावातल्या एका जाणत्याने संध्याकाळी मला सोडवायचा प्रयत्न केला. म्हणाला, तुमच्याच शिध्यातले तांदूळ समजा, म्हणजे नेम मोडला नाही. मी म्हटलं, तांदूळ तिचे, लसूण तिचा, मोडला म्हणजे मोडला. गुरू वर भेटले तर त्यांना सांगेन, नेम तुम्ही मला दिला होता, पाळला माझ्या बायकोने. ती गेली, तिच्याबरोबर नेमही गेला. मुलगा एकटाच कुडव्याला परतला. जाताना एक गोणी मात्र घेऊन गेला, आणि मी भरलेली पिशवी रिकामी केली.

बाकीच्या गोण्यांचा निकाल बाईनेच लावला. गावाचा शिधा गावानेच रांधायचा. तळ्याच्या पाळीवर, आंब्याखाली चुली पेटल्या, मोठे गंज चढले. मी लोकांमध्ये बसलो, पाट नाकारून. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचे डोळे सवयीने भरून आले, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "महाराज, माही सून..." तेवढ्यात बाई डाळीचा डाव घेऊन समोर उभी. "आज नाही जी. आज महाराज जेवून राहिले." म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि माझ्या पत्रावळीवर आपल्या हाताने गुळाचा खडा ठेवला. तो दिवस माझ्या आयुष्यातला मोठा दिवस होता. मान मी पुष्कळ मिळवला होता, पण इतक्या आनंदाने कधी जेवलो नव्हतो.

मी पुन्हा बोलू लागलो. सगळ्यात आधी त्या तरण्या बाईच्या घरी गेलो, जिच्यासमोरून उठलो होतो. तिथे फार बोललो नाही. बसलो, आणि तिने ताट पुढे ओढलं तेव्हा म्हटलं, मलाही वाढा. परतलो की आता मागच्या पायरीवर मी एकटा नसतो. कुंपणापलीकडून कुणीतरी विचारतंच, "कोन गेलं जी?" कधी बाई, कधी तिच्या सोबतिणी, एकदा तर सरपंच उभे होते.

उन्हाळ्यात कळलं की चार गावं सोडून राहणाऱ्या एका कीर्तनकाराची आई गेली. हा माणूस माझा जुना प्रतिस्पर्धी. मी फार लांबण लावतो असं तो लोकांना सांगे, आणि तो फार घाई करतो असं मी सांगे. त्याचाही नेम माझ्यासारखाच कडक. मी बाईला म्हटलं, डबा भरा. तिने विचारलं, किती माणसांचा? मी म्हटलं, एका महाराजाचा.

पोचलो तर तो ओसरीवर बसून एका रडणाऱ्या माणसाची समजूत काढत होता. छान बोलत होता, आवाज थरथरू न देता. त्याच्या मागे कोपऱ्यात तांदळाच्या गोण्या छातीपर्यंत रचलेल्या होत्या. मला पाहून तो उठला, दोन्ही हात जोडले आणि माझं स्वागत करू लागला. मी गोण्यांना वळसा घालून त्याच्याजवळ गेलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. मग समोर मांडी घातली आणि डबा उघडला. लसणाचा वास ओसरीभर झाला.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "मला चालत नाही. तुम्हाला तर माहीत आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला घाई नाही."

रडणारा माणूस डोळे पुसून बाजूला सरकला. कीर्तनकाराने एकदा गोण्यांकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मी त्याच्याकडे न पाहता भातावरची माशी हाकलली.

"कोन गेलं, महाराज?"

त्याचा आवाज एरवी मंडप भरून टाकणारा. आता आला तो अगदी बारीक.

"माही माय गेली," तो म्हणाला, आणि डबा जवळ ओढला.